स्टायलाइज्ड निसर्गचित्राचं वर्णन कसं लिहायचं: मूड आणि कंपोझिशन, अगदी सुरुवातीपासून

चित्र समोर असतं, आवडलेलंही असतं, पण वर्णन लिहायला बसलं की हातून येतं काय तर "अतिशय सुंदर, शांत आणि मनमोहक निसर्गचित्र". त्यापुढे गाडी सरकत नाही. हे वाक्य खोटं नसतं, पण ते कुठल्याही निसर्गचित्राखाली खपून जातं आणि तीच त्याची अडचण आहे, कारण वाचणाऱ्याला चित्र दिसतच नाही. तुम्ही कॅटलॉगसाठी लिहा, कॉलेजच्या जर्नलसाठी लिहा, ज्यांना दिसत नाही अशांसाठी लिहा किंवा स्वतःच्या चित्राखाली चार ओळी टाका, मुद्दा एकच आहे: मूड हवेत तरंगत नसतो, तो चित्रात कुठेतरी बसलेला असतो. एखाद्या कडेत, एखाद्या मोकळ्या जागेत, आकाशाला किती वाटा दिलाय त्यात. तिथे बोट ठेवता आलं की वर्णन जमलं म्हणून समजा.

म्हणून या लेखात आधी भरपूर वेळ कंपोझिशनवर, म्हणजे चित्रात काय कुठे आणि कसं मांडलंय त्यावर जाईल आणि मूड जवळजवळ शेवटी येईल. क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. मूडचा शब्द आधी लिहिला की डोळे बघायचं थांबतात, मग आपण चित्रातलं न बघता त्या शब्दाला शोभेल तेवढंच शोधत बसतो.

स्टायलाइज्ड म्हणजे नेमकं काय बघायचं

फोटोसारखं हुबेहूब नसलेलं, पण डोंगर डोंगरच वाटतो आणि झाड झाडच वाटतं असं चित्र, एवढी व्याख्या कामापुरती पुरे. इथे चित्रकाराने काहीतरी बदललेलं असतं. आकार सोपे केलेले असतात, आउटलाइन जाड काढलेली असते, रंग सपाट भरलेले असतात, एखादी गोष्ट अवाच्या सवा मोठी केलेली असते, एकच आकार पुन्हा पुन्हा वापरलेला असतो किंवा बरंच काही सरळ गाळून टाकलेलं असतं. यातलं काहीही चुकून झालेलं नसतं. त्यामुळे वर्णन करताना सारखा एक प्रश्न डोक्यात ठेवायचा: हे खरोखर असं दिसतं का? नसेल तर इथे काय बदललंय? पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यात येणार आहे.

मुख्य उदाहरण म्हणून जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध मोठी लाट घेऊया, 1831 च्या आसपासचा वुडब्लॉक प्रिंट, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं चित्र. जवळजवळ सगळ्यांनी ती कुठे ना कुठे पाहिलेली असते आणि नेमकं त्यामुळेच ती नीट कुणी बघत नाही. शेजारी उघडून ठेवा आणि मग वाचा.

पायरी 1: लिहू नका, नुसतं बघा

दोन-तीन मिनिटं पेन, कीबोर्ड काही नको. आधी चित्र लांबून बघा, फोनवर असेल तर हात लांब करा, आणि डोळे किलकिले करा. किलकिले केल्यावर बारीकसारीक सगळं विरघळतं आणि फक्त मोठे गडद-फिकट तुकडे उरतात, तोच चित्राचा सांगाडा. मग झूम करून कडेकडेने फिरा, चारही कोपरे बघा, कारण कोपऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि चित्रकार तिथे बरंच काही ठरवत असतो.

एक सांगून ठेवते, मूळ चित्राचा साइज शोधाच. स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. होकुसाईची लाट प्रत्यक्षात साधारण 25 बाय 37 सेंटीमीटरची आहे, दोन हातांत धरून बघता येईल एवढीच. आणि जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिकचं समुद्राकाठच्या साधूचं चित्र 110 बाय 171.5 सेंटीमीटर आहे, म्हणजे त्याच्यासमोर उभं राहिलं की ते तुमची नजर व्यापून टाकतं. भव्य, अथांग, दडपून टाकणारं असले शब्द वापरायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

पायरी 2: चौकट आणि क्षितिज

चित्र आडवं आहे, उभं आहे की चौकोनी? ही अगदी पहिली ओळ. आडव्यात नजर डावीकडून उजवीकडे फिरते आणि जागा पसरल्यासारखी वाटते, उभ्यात नजर चढते-उतरते. चौकोनी चित्रात कुठल्याच बाजूला ओढ नसते, त्यामुळे ते थबकल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने त्याची बरीचशी निसर्गचित्रं चौकोनी कॅनव्हासवरच केली आणि अनेकदा क्षितिज इतकं वर ढकललं की आकाशाची जेमतेम पट्टी उरते, किंवा तीही नाही. परिणाम असा होतो की झाडं, गवत, पाणी हे सगळं एखाद्या नक्षीदार कापडासारखं समोर सपाट उभं राहतं, आत शिरायला वाटच मिळत नाही.

क्षितिज कुठे आहे ते आकड्यात सांगायची सवय लावा. "खालून एक तृतीयांशावर", "बरोबर मध्ये", "अगदी वरच्या कडेला". क्षितिज खाली असलं की आकाश मोठं होतं आणि जमिनीवरचं सगळं त्याच्या खाली दबतं, वर असलं की जमीन आपल्यावर उभी चढून येते. फ्रीडरिकच्या त्या चित्रात (1808 ते 1810) आकाशाला तीन चतुर्थांशाच्या वर जागा दिलीये, खाली काळपट समुद्राची अरुंद पट्टी, त्याखाली फिकट वाळू, आणि डावीकडे एक एवढासा माणूस. बास. इन्फ्रारेड तपासणीत असं दिसलंय की त्याने आधी जहाजंही काढली होती आणि नंतर ती रंगाखाली घालवली. जहाजं असती तर नजरेला टेकायला जागा मिळाली असती, ती जागाच त्याने काढून घेतली. वर्णनात "रिकामं" हा शब्द वापरायचा असेल तर असा वापरा: काय नाहीये, ते सांगून.

पायरी 3: मोठे आकार, किती जागा कुणाला

आता नावं विसरा. लाट, डोंगर, होडी नाही, फक्त आकार. होकुसाईच्या चित्रात डावीकडे एक प्रचंड वळलेला आकार खालून उठतो आणि त्याचं टोक उजवीकडे झुकतं. त्याखाली खोलगट वाडग्यासारखी जागा आहे. त्या खोलगटात, मध्याच्या जरा उजवीकडे, खाली, एक लहानसा त्रिकोण. उजवीकडे वरचा मोठा भाग मोकळा. एवढं लिहून काढलं की कंपोझिशन निम्मं झालं, खरंच.

मग नावं परत घाला. तो लहानसा त्रिकोण म्हणजे फुजी पर्वत, 3,776 मीटर उंच, जपानमधला सगळ्यात उंच. चित्रात मात्र लाट त्याच्या डोक्यावरून जाते. आपण समुद्राच्या पातळीवर, होड्यांच्या जवळपास आहोत, म्हणून जवळची लाट मोठी आणि दूरचा डोंगर छोटा, इतपत ते खरंही आहे, पण हा नेमका क्षण आणि ही नेमकी जागा निवडणं हे चित्रकाराचं काम. अजून जवळ जाऊन बघा. पुढे एक छोटी लाट उठलीये तिचा आकार थेट फुजीसारखा आहे, टोकाला पांढरं आणि खाली निळं. म्हणजे डोंगर लाटेसारखा आणि लाट डोंगरासारखी, दोघांना एकमेकांचे आकार दिलेत. असा आकार-आकारांचा संबंध सापडला की तो वर्णनात आलाच पाहिजे, तो कंपोझिशनचा सगळ्यात रसाळ भाग असतो आणि पटकन बघणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

तोलाबद्दल पण एक ओळ लिहा. एका बाजूला जड आकार असेल तर दुसऱ्या बाजूने त्याला काय सांभाळतंय? इथे डावीकडचं वजन उजवीकडच्या मोकळ्या आकाशावर कलतं, म्हणूनच लाट आत्ता पडेल असं वाटत राहतं. तोल साधलेला असेल तर तसं लिहा, मोडलेला असेल तर मोडलाय म्हणा. मोडलेला तोल म्हणजे चूक नव्हे.

पायरी 4: नजर कुठून कुठे जाते

इथे स्वतःवरच लक्ष ठेवायचं. चित्र उघडल्यावर आधी कुठे बघितलं, मग कुठे गेलात, कुठे अडकलात, बाहेर कुठून पडलात. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलचं 1565 चं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र यासाठी उत्तम आहे. खाली डावीकडे शिकारी आणि त्यांचे कुत्रे, आपल्याकडे पाठ करून निघालेले, त्यांच्या बाजूने काळ्या उभ्या झाडांची रांग, जी लांब जाताना लहान लहान होत उतरते. त्या रांगेने नजर टेकडीवरून घसरते ती थेट गोठलेल्या तळ्यांवर, तिथे ठिपक्यांएवढी माणसं बर्फावर खेळतायत, आणि तिथून वर उजवीकडे टोकदार सुळके. तुम्ही शिकाऱ्यांच्या मागोमाग चालत जाता, अक्षरशः. आणि झाडांच्या मधून एक पक्षी उडतोय, तो बघितल्यावर मधली सगळी दरी किती खोल आहे ते एकदम कळतं.

वर्णन लिहिताना हाच रस्ता वापरा. नजर जशी जाते तशी वाक्यं लावा. बरेच जण वस्तूंची यादी करतात, झाड आहे, नदी आहे, घर आहे, डोंगर आहे, पक्षी आहे. यादीत कुणाचा कुणाशी संबंध नसतो. त्याऐवजी "झाडांच्या रांगेने खाली उतरलं की तळी लागतात" असं लिहिलं की वाचणाराही उतरतो.

पायरी 5: खोली

पुढचा भाग, मधला भाग, मागचा भाग. तिन्हीत काय आहे ते एकेका वाक्यात. स्टायलाइज्ड चित्रात ही खोली बऱ्याचदा नेहमीच्या यथार्थदर्शनाने (पर्स्पेक्टिव्हने, म्हणजे लांबचं ठरावीक प्रमाणात लहान करत) दाखवलेलीच नसते. कधी एकावर एक सपाट थर ठेवलेले असतात, कधी लांबचं फक्त वर सरकवलेलं असतं, कधी मध्ये धुकं सोडलेलं असतं. ग्वो शी या चिनी चित्रकाराचं 1072 मधलं वसंताच्या सुरुवातीचं रेशमावरचं चित्र बघा, दीड मीटरहून उंच. डोंगर एकाच जागेवरून पाहिलेला नाहीये, खाली बघताना आपण खाली आहोत आणि वर गेलं की आपणही वर गेलोय असं वाटतं, आणि मधल्या धुक्याने डोंगराचे तुकडे एकमेकांपासून सुटे केलेत. "पर्स्पेक्टिव्ह चुकलाय" असं अशा चित्राबद्दल कृपया लिहू नका. खोली कशाने दाखवलीये ते लिहा, आणि खोली नसेल तर चित्र सपाट ठेवलंय असं लिहा.

पायरी 6: रेषा, कडा, ब्रश

माझा सगळ्यात आवडता भाग, कारण मूडची निम्मी कामं इथे होतात आणि वर्णनांत याबद्दल एक अक्षर नसतं.

बघायचं ते असं. रेषा सरळ आहेत की वळणदार? आडव्या, उभ्या की तिरक्या? आडव्या रेषा पहुडलेल्या वाटतात, उभ्या ताठ वाटतात, तिरक्यांमध्ये हालचाल येते. आकारांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत की धूसर होऊन एकमेकांत मिसळतात? आउटलाइन आहे का, असेल तर काळी की रंगीत, सगळीकडे सारखी जाड की कुठे बारीक? ब्रशचे फटकारे दिसतात का आणि ते कुठल्या दिशेने जातात?

व्हॅन गॉगचं तारांकित रात्रीचं चित्र (जून 1889) उघडा आणि फक्त फटकाऱ्यांची दिशा बघा. आकाशातले फटकारे भोवऱ्यासारखे गोल फिरतात, सायप्रसच्या झाडाचे ज्वाळेसारखे वर वर चढतात, डोंगरांचे तिरके वाहतात, आणि खालच्या गावात मात्र आखूड, सरळ, ठाम रेषा आहेत, घरांच्या भिंती आणि छपरं. म्हणजे एकाच चित्रात दोन वेगळे वेग आहेत. वर खळबळ, खाली स्वस्थता, आणि या दोघांना जोडतं ते डावीकडचं झाड, जे खालच्या कडेपासून निघून जवळजवळ वरच्या कडेपर्यंत जातं. चर्चचं टोकही वर घुसू बघतं, पण छोटं पडतं. आणि बघा, व्हॅन गॉग तेव्हा मनोरुग्णालयात राहत होता आणि हे गाव त्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसतच नव्हतं, ते त्याने चित्रात आणून ठेवलं. त्या खळबळीखाली काहीतरी स्थिर हवं होतं असं चित्र बघून तरी वाटतं.

याच ठिकाणी एक इशारा. या चित्राबद्दल लिहिताना लोक चित्रकाराच्या आजारपणावर घसरतात आणि सगळं वर्णन "वेड्या मनाची तडफड" होऊन जातं. आयुष्य वेगळ्या परिच्छेदात लिहा ना, हरकत नाही, पण मूड चित्रातून काढा. गावातल्या पिवळ्या खिडक्या आणि सरळ छपरं त्या वाक्यात बसत नाहीत, म्हणजे वाक्य चुकलंय.

रेषेचं अजून एक उदाहरण, जपानी चित्रकार हिरोशिगेचं 1857 चं पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं. पाऊस म्हणजे नुसत्या बारीक काळ्या सरळ रेषा, वरपासून खालपर्यंत, आणि त्या दोन जरा वेगळ्या कोनांत आहेत, त्यामुळे सर अंगावर आदळतेय असं वाटतं. पुलावरच्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, छत्र्या आणि टोप्यांखाली झाकलेत, तरी प्रत्येकाची घाई कळते ती वाकलेल्या पाठींवरून. खरा पाऊस असा काळ्या रेघांचा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी बघणाऱ्याला भिजल्यासारखं वाटतं, याला म्हणतात स्टायलायझेशन. व्हॅन गॉगने 1887 मध्ये याचीच ऑइलमध्ये नक्कल केली होती, दोन्ही शेजारी ठेवून बघा, रेषा जाड झाल्यावर पाऊस कसा बदलतो ते दिसेल.

पायरी 7: रंग, पण मोजून

किती रंग आहेत ते मोजा. स्टायलाइज्ड चित्रात बहुतेक वेळा मोजकेच असतात. लाटेच्या चित्रात निळ्याच्या दोन-तीन छटा, कागदाचा पांढरा, होड्यांचा फिका पिवळसर, आकाशाचा राखाडी, संपलं. त्यात वापरलेला प्रशियन ब्लू तेव्हा बाहेरून आलेला रंग होता आणि तो गडद, खोल निळा त्याशिवाय असा आला नसता. फेसाचा पांढरा हा रंगच नाही, तो तसाच सोडलेला कागद आहे.

मग उबदार की थंड, भडक की मळलेला, आणि एखादा रंग एकटाच उठून दिसतोय का ते बघा. एकच रंग दोन ठिकाणी वापरलाय का हेही बघा, ब्रूगेलच्या त्या चित्रात आकाश आणि गोठलेली तळी एकाच हिरवट राखाडी रंगाची आहेत, त्यामुळे थंडी वरूनही आणि खालूनही येते.

फोनमध्ये चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग काढल्यावरही चित्र टिकतं का, सगळ्यात गडद काय आणि सगळ्यात फिकट काय, आणि ते दोन्ही एकमेकांना चिकटून कुठे आहेत? जिथे गडद-फिकट भिडतात तिथे नजर जाते. चित्राचा मुख्य भाग ओळखायची ही सगळ्यात सोपी युक्ती.

रंगावरून थेट भावना मात्र लावू नका. निळा म्हणजे उदास, लाल म्हणजे राग, हिरवा म्हणजे ताजेपणा, हे तक्ते डोक्यातून काढून टाका. ती लाट निळीच आहे आणि तिच्यात उदासी औषधालाही नाही.

पायरी 8: मूड, आता

आत्तापर्यंत कागदावर बऱ्यापैकी नोंदी झाल्या असतील. आता मूडचे चार-पाच शब्द मनात येतील तसे लिहा, चाळणी न लावता. मग प्रत्येक शब्दासमोर लिहायचं: "कशामुळे?" ज्या शब्दासमोर चित्रातली वस्तू, जागा किंवा रेषा लिहिता येत नाही तो शब्द खोडायचा. कितीही आवडला असला तरी.

होकुसाईवर करून बघूया. भीती: कशामुळे? लाटेच्या टोकाला फेसाचे पंजे आहेत, वाकडी नखं असलेले, आणि ते बरोबर होडीच्या वर आहेत. ठीक, राहू दे. थरार: लाट पडायच्या आधीच्या क्षणाला थांबवलीये, म्हणून. चालेल, पण "थरार"पेक्षा "ताण" जास्त बरोबर, कारण अजून काहीच घडलेलं नाहीये. शांतता: ही कुठून आली? फुजीमुळे, तो मागे हलत नाही, आणि फेसाचे थेंब त्याच्यावर बर्फ पडावं तसे दिसतात. छान, हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा निघाला. एकाकीपणा: कशामुळे? तीन होड्या आहेत, माणसं एकमेकांना चिकटून खाली वाकलीयेत, एकटं कुणीच नाही. खोडा.

यातून दिसेल की चांगल्या चित्रात मूड एकच नसतो, एक मुख्य आणि एक त्याच्या उलटा असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत चित्र जिवंत राहतं. दोन्ही लिहा आणि कुठला कुठे आहे ते सांगा.

"शांत" या शब्दाबद्दल जास्त काळजी घ्या, कारण निसर्गचित्राला तो सगळ्यात आधी चिकटतो. निवांत आहे का, म्हणजे तिथे जाऊन बसावंसं वाटतं? की सुनसान आहे, म्हणजे तिथे कुणी नाही आणि ते जाणवतंय? की निश्चल, सगळं जागच्या जागी थिजलेलं? की वादळाआधीची ती दाबून धरलेली शांतता? चारही वेगळी चित्रं आहेत. तसंच "गूढ"चं, धुक्यामुळे अर्धं लपलंय म्हणून गूढ की सगळं स्वच्छ दिसतंय पण उजेड कुठून येतोय तेच कळत नाही म्हणून गूढ? दुसरा प्रकार स्टायलाइज्ड चित्रांत खूप सापडतो, सावल्या गायब असतात किंवा सगळीकडे सारखाच उजेड असतो, हे बघायला विसरू नका.

शब्द कमी पडत असतील तर विशेषण शोधत बसण्यापेक्षा क्रियापद शोधा, हा माझा अगदी ठाम सल्ला आहे. "भयानक लाट" पेक्षा "लाट होडीवर झुकते". "उदास झाडं" पेक्षा "झाडं अंग चोरून उभी आहेत". दाटून येणं, ओसरणं, दबा धरणं, रेलणं, लवणं, विरणं, थिजणं, पहुडणं, आपल्याकडे अशी क्रियापदं ढिगाने आहेत आणि एकेकात आकार आणि भाव दोन्ही एकदम येतात.

पायरी 9: आता लिहा

क्रम सोपा ठेवा. एका वाक्यात काय आहे, कुठल्या माध्यमात आणि चौकट कशी. मग मोठी रचना, नजरेच्या रस्त्याने. मग रेषा आणि रंग. मग मूड, कारणांसकट. प्रत्येक गोष्टीला डावं-उजवं, वर-खाली, पुढे-मागे असा पत्ता द्या. डावं-उजवं नेहमी बघणाऱ्याच्या बाजूने.

तयार झालेलं साधारण असं दिसेल:

"आडव्या आकाराचा, थोडक्या रंगांतला वुडब्लॉक प्रिंट. डावीकडून गडद निळी प्रचंड लाट उठून चित्राचा डावा अर्धा भाग व्यापते आणि तिचं टोक उजवीकडे झुकतं. टोकाशी पांढरा फेस नखांसारखा फाटलेला. तिच्या खालच्या खोलगट भागात लांबट पिवळसर होड्या, त्यांतली माणसं वाकून होडीला बिलगलेली. त्याच खोलगटातून, मध्याच्या किंचित उजवीकडे, फुजी पर्वत दिसतो, बर्फाच्छादित आणि लाटेपुढे अगदी लहान. सगळे आकार स्वच्छ निळ्या रेषेने बांधलेले, रंग सपाट, आकाश राखाडी आणि उजवीकडे मोकळं. लाट कोसळायच्या आधीच्या क्षणाला थांबल्यामुळे पुढच्या भागात ताण आहे, मागे न हलणारा डोंगर मात्र त्या गडबडीपासून अलिप्त, आणि दोघांचे रंग एकच असल्याने ते एकाच जगातले वाटतात."

यात "सुंदर" कुठेही नाही. गरज पडली नाही.

जागा कमी असेल, दोनच ओळी हव्या असतील तर पहिल्यांदा वस्तूंची संख्या कमी करा, पत्ते आणि कारण ठेवा. ब्रूगेलचं दोन ओळींत: "खाली डावीकडून थकलेले शिकारी आणि कुत्रे बर्फाळ उतारावर निघालेत, काळ्या झाडांची रांग नजरेला खाली गोठलेल्या तळ्यांकडे नेते. आकाश आणि गोठलेली तळी एकाच हिरवट राखाडीत असल्याने थंडी सगळीकडे भरलेली, पण तळ्यावर खेळणाऱ्या चिमुकल्या माणसांमुळे ती जीवघेणी वाटत नाही."

पायरी 10: तपासणी

दोन गोष्टी करा. एक, लिहिलेलं तासाभराने वाचा आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्या एखाद्या निसर्गचित्राखाली ठेवून बघा. तिथेही बसलं तर ते वाक्य अजून कच्चं आहे, त्यात पत्ता नाही किंवा कारण नाही.

दुसरी जास्त मजेशीर आणि जास्त कडक. ज्याने चित्र पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी वर्णन वाचून दाखवा आणि कागदावर नुसत्या चौकोन-त्रिकोणांत रचना काढायला सांगा, चित्रकला येत नसली तरी चालेल. मध्ये काही समजावून सांगायचं नाही, हातवारेही नाहीत. मग मूळ चित्र शेजारी ठेवा. डोंगर भलत्या बाजूला गेला असेल तर तुम्ही पत्ता दिला नव्हता. सगळं एकाच मापाचं झालं असेल तर कुणाला किती जागा ते लिहायचं राहिलंय. आकाश अर्धं काढलं असेल आणि मुळात ते पट्टीएवढंच असेल तर क्षितिजाचं वाक्य बघा. रचना बरोबर आली पण "कसं वाटतंय" विचारल्यावर तो भलतंच बोलला, तर रेषा आणि कडांवर तुम्ही लिहिलंच नाहीये, सहाव्या पायरीवर परत जा. ज्या वाक्याने त्याला चकवलं तेवढंच दुरुस्त करा, बाकीच्याला हात लावू नका, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी पकडून पुन्हा वाचून दाखवा.